मुकुटाखालची किल्ली

वाऱ्याने दार धाडकन लागलं आणि पाठोपाठ कुलपातून ‘खट्’ असा आवाज आला, तेव्हा हंगामी रिकामा ट्रे हातात घेऊन व्हरांड्यात उभा होता. त्याने मूठ फिरवून पाहिली, दार खांद्याने दाबून पाहिलं, आणि मग त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. आत संग्रहालयाची निवड समिती बसली होती, आणि ती निवड करणार होती ती नेमकी हंगामीच्याच जागेसाठी.

हंगामी हे त्याचं नाव नव्हे. प्रदर्शनं मांडायच्या कामावर कित्येक वर्षांपूर्वी त्याची नेमणूक ‘हंगामी’ म्हणून झाली. हंगाम कुठला ते कोणी सांगितलं नाही, पण तो काही संपला नाही, आणि नाव मात्र चिकटलं. आज ती जागा कायम होणार होती. समितीत तीन माणसं आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. संचालकांना आपला भाचा हवा होता, इतिहासाच्या वृद्ध प्राध्यापकांना आपला विद्यार्थी हवा होता, आणि कोषाध्यक्षबाईंना ही जागाच नको होती. हंगामीचा अर्जही त्यांच्यासमोर होता, पण तो रीत म्हणून.

“काय झालं हो?” पहारेकरी डुलतडुलत आला.

“दार लागलं.”

“मग उघडा की.”

“कुलूप लागलंय. जुनं आहे ते, दार आपटलं की आपोआप बसतं. आतूनही किल्लीशिवाय उघडत नाही.”

“म्हणून तर दाराला वीट लावलेली असते. आज वीट कुठं गेली?”

वीट हंगामीनेच सकाळी उचलली होती. एवढी मोठी समिती बसणार, दाराशी वीट बरी दिसत नाही, असं त्याला वाटलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“बरं, मग किल्ली आणा,” पहारेकरी म्हणाला.

“किल्ली प्रदर्शनात आहे.”

“कुठल्या कपाटात?”

“कपाटात नाही,” हंगामीचा आवाज अगदी खाली गेला. “पोपच्या चिन्हात.”

त्याचं असं झालं होतं. पोपपदाचा इतिहास, चित्रं आणि चिन्हं यांचं मोठं प्रदर्शन आज संध्याकाळी उघडणार होतं. उद्घाटनाला खुद्द बिशप येणार होते. दालनाच्या मुख्य भिंतीवर पोपचं चिन्ह होतं: वर तीन मजली मुकुट, खाली एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन किल्ल्या, एक सोन्याची, स्वर्गातल्या अधिकाराची, आणि एक चांदीची, पृथ्वीवरच्या. हे प्लास्टरचं चिन्ह संचालकांच्या पत्नीने, म्हणजे मॅडमनी, स्वतः घडवलं होतं. त्यासाठी त्यांनी घरातलं जेवणाचं टेबल महिनोन् महिने अडवलं होतं, आणि संचालक तितके महिने ताट मांडीवर घेऊन जेवले होते. काल ते चिन्ह भिंतीवर चढवताना सोनेरी किल्ली हंगामीच्या हातून निसटली आणि तिचे तुकडे झाले.

मॅडमना सांगायची त्याची छाती झाली नाही. बैठकीच्या खोलीची वीतभर लांब लोखंडी किल्ली खुंटीवर वर्षानुवर्षं नुसती लोंबत होती. मापाला बरोबर. त्याने तिला सोनेरी रंग दिला, तारेने बांधली आणि प्लास्टरने पक्की बसवली. पाहणाऱ्याला शंका आली नसती अशी बसली.

पहारेकऱ्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे स्वर्गाची किल्ली म्हणून तुम्ही बैठकीच्या खोलीची…”

“हळू बोला हो! आत ऐकू जाईल.”

“मग फोडा ते चिन्ह.”

“मॅडमचं? आणि आज?”

“मग आतल्यांना सांगा.”

“काय सांगू? तुम्ही माझी नोकरी ठरवत होतात, म्हणून मी तुम्हाला कोंडलं?”

इकडे आड, तिकडे विहीर. कुलूपवाल्याला फोन केला, तर तो दुपारनंतरच येऊ शकत होता. म्हणजे तोवर एकच उपाय. आपण कोंडले गेलो आहोत हे समितीला कळता कामा नये, आणि त्यासाठी त्यांना बाहेर यावंसं वाटता कामा नये. ज्या बैठकीचा निकाल लवकर लागावा म्हणून हंगामीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, ती आता लांबावी म्हणून तो देवाची करुणा भाकू लागला.

दाराशेजारी भिंतीत एक छोटी खिडकी होती. पूर्वी तिथून तिकिटं विकत. तिची फळी सरकली आणि संचालकांचा हात बाहेर आला. “अहो, अजून एकदा चहा पाठवा. प्राध्यापक ऐकत नाहीत.”

“लगेच साहेब!” म्हणून हंगामी वळला, तर पहारेकऱ्याने त्याची बाही धरली.

“वेडे का खुळे? चहा प्यायला की थोड्या वेळाने माणसाचं काय होतं?”

“तरतरी येते.”

“माणूस बाहेर येतो.”

हंगामीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याने खिडकीतून कळवलं, दूध नासलंय. मग कोषाध्यक्षबाईंनी साधं पाणी मागितलं. टाकी धुवायला घेतलीय, असं सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. निदान पोटात काही असू द्यावं म्हणून त्याने कॅन्टीनमधून पाव आणले. भाजी द्यावी तर तिखटाने तहान लागेल, लोणी द्यावं तर तेही खारट. शेवटी कोरेच पाव खिडकीतून आत सरकवले.

“हे काय?” आतून बाईंचा आवाज आला.

“आज एवढंच आहे, बाई.”

थोड्या वेळात त्याच्या बायकोचा फोन आला. “काय झालं हो? झालात का कायम?”

“मी नाही गं,” हंगामी कपाळाचा घाम पुसत म्हणाला. “तेच आत कायम झालेत.”

“म्हणजे?”

“घरी आल्यावर सांगतो. आलो तर.”

तेवढ्यात डोक्यावर धडाड असा आवाज झाला. हंगामी अंगणात धावला. बैठकीच्या खोलीच्या छपरावर पत्रेवाला चढला होता आणि काढलेला पत्रा खाली सोडत होता.

“अहो, हे काय करताय?”

“गळती काढतोय. साहेबच किती दिवस मागे लागलेत.”

“आत माणसं आहेत!”

“असू देत की. पत्रे मी बाहेरच टाकतोय.”

“परत बसवा आधी!”

“असे बसत नाहीत ते. शेजारचे दोन काढले की मगच.” पत्रेवाल्याने आणखी एक पत्रा उचकटला. भर दुपारचं ऊन सरळ निवड समितीवर पडलं असणार, हे हंगामीला दार बंद असूनही दिसलं. छपरातून शिडी सोडावी असं क्षणभर त्याच्या मनात आलं, पण त्या शिडीवरून कोषाध्यक्षबाई चढताहेत ही कल्पना त्याला पेलवेना.

तो व्हरांड्यात परतला तर पहारेकरी भिंतीवरचा एक फलक वाचत उभा होता. प्रदर्शनातलाच फलक, पण आत जागा पुरली नाही म्हणून हंगामीने तो इथे, बरोबर तिकिटाच्या खिडकीसमोर टांगला होता.

“हे तुम्हीच लिहिलंय ना?” पहारेकरी म्हणाला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला. “तेराव्या शतकात इटलीतल्या एका गावी नवा पोप निवडायला कार्डिनल, म्हणजे चर्चमधले सर्वांत वरचे धर्मगुरू, जमले. पण जवळजवळ तीन वर्षं त्यांचं एकमत होईना. अखेर गावकरी कंटाळले. त्यांनी कार्डिनलांना कोंडून घातलं. त्यांचं जेवण तोडून त्यांना पाव आणि पाण्यावर ठेवलं. तरीही निर्णय होईना, तेव्हा छप्परही उतरवलं, असं सांगतात.”

पुढचं काही हंगामीला ऐकू आलं नाही. त्याने फलकाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. फळी सरकवली की आतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरं काही येतच नव्हतं. आणि आत बसले होते इतिहासाचे प्राध्यापक.

“भाऊ, तुम्ही तर पाणीही दिलं नाहीत,” पहारेकरी म्हणाला.

आतला वाद थांबला होता. सकाळपासून चाललेला बाईंचा तारस्वर, संचालकांचं टेबलावर हात आपटणं, सगळं बंद. मग दाराची मूठ सावकाश फिरली, अडली आणि पुन्हा जागेवर आली. कोणी ओरडलं नाही, कोणी दार ठोठावलं नाही. हंगामीला आरडाओरडा चालला असता, ही शांतता सोसेना. पोलिसांना तर फोन करत नसतील? की राजीनाम्याचा मजकूर लिहिताहेत, त्याच्या? तो खिडकीच्या फळीला कान लावून उभा राहिला.

बऱ्याच वेळाने फळी थोडीशी सरकली. प्राध्यापकांचा थकलेला आवाज आला. “मला… जरा बाहेर जायला हवं होतं. फार घाई नाही. पण आहे.”

एवढा मोठा माणूस, आणि त्याने अशी विनवणी करावी! हंगामीला एकदम भडभडून आलं. नोकरी गेली खड्ड्यात, असं तो स्वतःलाच मोठ्याने म्हणाला आणि प्रदर्शनाच्या दालनाकडे पळत सुटला.

चिन्हावर मखमली पडदा होता आणि पडद्याखाली खुर्ची टाकून मॅडम बसल्या होत्या. सकाळपासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. संग्रहालयातला जो तो येऊन पडद्याआड डोकावत होता आणि वाहवा करत होता.

“मॅडम, मला त्या चिन्हातली किल्ली काढायची आहे.”

“काय?”

हंगामीने डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तुटलेली किल्ली, खुंटीवरची किल्ली, वीट, वारा, पाव, पत्रे. डोळे उघडले तेव्हा मॅडम उभ्या होत्या.

“आत कोणकोण आहे?”

“प्राध्यापक आहेत, बाई आहेत. आणि साहेब.”

“ते बसू देत. प्राध्यापकांचं वाईट वाटतं.” मग त्यांच्या कपाळावर आठी चढली. “थांबा. ही सोनेरी किल्ली मी केलेली नाही?”

“नाही.”

“सकाळपासून येतोय तो म्हणतोय, बाकी ठीक आहे, पण किल्ली काय जिवंत उतरलीय! बैठकीला जाताजाता कोषाध्यक्षबाईसुद्धा म्हणाल्या. त्या आयुष्यात कधी कशाला बरं म्हणाल्या नाहीत.”

“ती… खरीच आहे ना, म्हणून.”

“माझा मुकुट कोणी बघितलासुद्धा नाही! तीन-तीन मजले चढवले मी!” मॅडमनी पडदा बाजूला ओढला. “हातोडी द्या.”

“मी काढतो, हळूच.”

“द्या म्हणते ना!”

तिसऱ्याच घावाला किल्ली हातात आली. प्लास्टरच्या ढपल्या हंगामीच्या डोक्यावर पडल्या, पण त्या झटकायलाही तो थांबला नाही.

दार उघडलं. प्राध्यापक कोणाकडेही न पाहता व्हरांड्याच्या टोकाला निघून गेले. संचालकांचं टक्कल लालबुंद झालं होतं आणि बाईंच्या केसांत गंजाचा भुगा होता. टेबलावर पाव तसेच पडले होते.

“साहेब, सगळी चूक माझीच—”

“एक अक्षर बोलू नका,” संचालक म्हणाले. “झालं तुमचं.”

“हो साहेब,” हंगामी मान खाली घालून म्हणाला. “सामान उद्या नेलं तर चालेल?”

“कसलं सामान? कायम झालात तुम्ही. एकमताने.”

“आधी पाणी द्या,” बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “मग पेढे-बिढे.”

तोवर प्राध्यापक हलके होऊन परतले होते. त्यांनी हंगामीच्या खांद्यावर हात ठेवला. “पाव आले तेव्हा मला शंका आली. छप्पर गेलं तेव्हा खात्रीच पटली. मी यांना म्हटलं, ओरडू नका, ओरडून काही होत नसतं. हा माणूस इतिहास वाचून आलाय. आपण भाचा सोडू, विद्यार्थी सोडू. ज्याच्या हातात किल्ली, त्यालाच निवडू.” मग त्यांनी तक्रार केली, “पण कार्डिनलांना पाणी मिळत होतं हो.”

“सर, देवाशप्पथ, मी काही केलं नाही. वाऱ्याने दार लागलं!”

“बरोबर,” संचालकांनी डोळा मारला. “वारा. इतिवृत्तातही तसंच लिहू.”

संध्याकाळी बिशप आले, पडदा सरकला. मुकुट होता, चांदीची किल्ली होती, आणि सोन्याच्या किल्लीच्या जागी तिच्या आकाराचा खड्डा. बिशपनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “स्वर्गाची किल्ली दिसत नाही?”

संचालकांनी छताकडे पाहिलं. मॅडम मात्र पुढे झाल्या. “ती सध्या वापरात आहे,” त्या म्हणाल्या. “आपण मुकुट बघा.”

बिशपनी मुकुट बराच वेळ पाहिला आणि छान म्हणाले. मॅडम खूश झाल्या. हंगामीच्या बायकोने घरी आनंदाने रडून घेतलं, आणि कित्येक दिवसांनी हंगामी रात्री गाढ झोपला.

नेमणुकीचा कागद हातात पडला त्याच दिवशी संचालकांनी त्याला बोलावलं. दार लोटून घेतलं, बसायला सांगितलं. हंगामीला त्यांच्यासमोर बसायची सवय नव्हती, तो खुर्चीच्या कडेला टेकला.

“सोमवारी नियामक मंडळाची बैठक आहे,” संचालक म्हणाले. “सगळे अकरा जण. नव्या इमारतीचा ठराव कधीपासून लोंबकळतोय. तेवढं जरा बघा.”

“बघा म्हणजे, साहेब?”

“मला काही सांगू नका. मी आत असणार.”

“साहेब, अकरा माणसं! त्यांत एक न्यायाधीश आहेत! मला नाही जमायचं हो. तेव्हा खरंच वारा होता!”

“अहो, हंगामी माणूस असं म्हणाला असता तर मी समजून घेतलं असतं,” संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुम्ही आता कायम आहात.”