मॅरिट कुबिस्टावर पहिला हक्क कोणाचा

गॉर्डन स्कार स्वतःला हिशेबनीस म्हणवून घेत नसत. हिशेबनीस गल्लोगल्ली मिळतात, असं त्यांचं मत होतं. ते होते कर-गुप्तहेर, अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटातले पहिले आणि, त्यांची मदतनीस मार्लिस हिच्या मते देवाच्या कृपेनं, शेवटचे. "मी आकडे बघत नाही, मार्लिस," ते सांगत. "आकड्यांमागचा माणूस बघतो. माझ्या नजरेतून सुटेल असा करदाता अजून जन्माला यायचाय." जे सुटत ते समोरच्या दुकानात जात आणि त्यांचं कराचं विवरणपत्र तिथे बिनचूक भरून मिळे.

लोकांची विवरणपत्रं भरून देणारी त्यांची कचेरी होती, त्याच जागेत पूर्वी गॉर्डन अंगणात ठेवायचे गरम पाण्याचे टब विकत. एक टब काही केल्या खपला नाही. तो अजून मधोमध ठाण मांडून होता आणि त्यात गिऱ्हाइकांच्या फायली पोहत असत. मार्लिस टोलेफसन तेव्हा टब पुसायची. आता ती गिऱ्हाइकं ओढायला हिवाळाभर स्वातंत्र्यदेवीचा हिरवा झगा आणि स्पंजचा मुकुट घालून रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करायची. त्यांच्या बेमिजी गावात एप्रिलातही बर्फ पडतो, म्हणून झग्याखाली नवऱ्याचा शिकारीचा डगला असे. देवीला दिवस गेलेत की काय, असं बघणाऱ्याला वाटे.

त्या दिवशी ती हात शेकायला आत आली, तेव्हा टबाशेजारच्या खुर्चीवर रेने कुबिस्टा रडवेली होऊन बसली होती. बाजूला तिची सोळा वर्षांची मुलगी मॅरिट फोनमध्ये डोकं घालून होती.

"माझं विवरणपत्र परत आलंय," रेने म्हणाली. "म्हणे मॅरिटला आधीच कोणीतरी दाखवून ठेवलंय. या वर्षी ती माझी आश्रित आहे. पाळी माझी आहे."

"अपहरण," गॉर्डन पुटपुटले.

"ती इथेच बसलीय."

"कागदोपत्री अपहरण. ते जास्त भयंकर."

नियम साधा होता. मूल दोघांचं असलं, तरी कराच्या कागदावर एका वर्षी एकाचंच, आणि करातली सूटही त्यालाच. रेने आणि कर्टचा काडीमोड झाला तेव्हा कोर्टानं वाटणी करून दिली होती: एक वर्ष आईनं मॅरिटला आश्रित दाखवायचं, पुढच्या वर्षी बापानं. शेजारच्या दोन घरांत बर्फ ढकलायचं यंत्र असंच वाटून घेतात. पोटच्या पोरीला आपली म्हणायलासुद्धा पाळी लागते, आणि शहाणीसुरती माणसं दर वसंतात त्या पाळीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटतात. मार्लिसला या सगळ्या प्रकाराची शिसारी येई.

"हे कर्टचंच काम असलं ना," रेने म्हणाली, "तर मी आजच वकिलाला गाठते. शनिवार-रविवार मॅरिटचं त्याच्या तळ्यावरच्या घरी जाणं बंद. कायमचं."

मॅरिटचा अंगठा फोनवर थबकला. मार्लिसनं ते पाहिलं. गुप्तहेरांनी पाहिलं नाही, कारण ते भिंग शोधत होते.

भिंग सापडलं नाही, म्हणून त्यांनी कर्टला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"विवरणपत्र?" कर्ट म्हणाला. "मी अजून डबा उघडलेला नाही. कागद गळांच्या डब्यात आहेत आणि डबा होडीत आहे. का, काय झालं?"

गॉर्डननी फोनवर हात ठेवला. "निर्दोष माणूस इतका निवांत नसतो."

"तो कायम असाच असतो," रेने म्हणाली. "म्हणूनच तर सोडला."

"मग आजी. कुठे असते?"

"हिवाळ्यात ॲरिझोनाला. तिला संधिवात आहे."

"उन्हात पळून गेली," गॉर्डन म्हणाले. "संधिवाताचं सगळेच सांगतात."

"माझी आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवते."

"बोटं चपळ आहेत म्हणा की." त्यांनी ही बाब लिहून घेतली. मग ते टबाला एक प्रदक्षिणा घालून मॅरिटसमोर उभे राहिले. "तिसरी शक्यता. मॅरिट दोन आहेत. ही खरी कशावरून?"

मॅरिटनं मान वर करून मार्लिसकडे पाहिलं. "हे नेहमीच असे असतात का?"

"टब विकताना बरे होते," मार्लिस म्हणाली. हात शेकता शेकता तिनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सुट्टीत कुठे काम करतेस का गं?"

"आइस्क्रीमच्या गाडीवर. पगारातून थोडा कर कापला होता, तो मागितला परत. फोनवरच भरलं सगळं."

"लहान मुलांनी तपासात लुडबुड करू नये," गॉर्डन म्हणाले.

मार्लिसनं मुकुट काढून टबाच्या काठावर ठेवला. "फोनवरच्या अर्जात विचारलं असेल ना, दुसरं कोणी तुझ्यावर हक्क सांगू शकतं का म्हणून?"

"हो."

"मग काय लिहिलंस?"

"नाही म्हणून."

"नाही?" रेने म्हणाली. "अगं, मी काय मेले होते?"

"पाळी कोणाची ते आठवेना." मॅरिटनं फोन मांडीवर उलटा ठेवला. "विचारलं असतं तर पुन्हा सुरू झाला असता तुमचा तमाशा. आई लिहिलं की बाबा चिडणार, बाबा लिहिलं की तू. माझं पेट्रोल मी घालते. म्हटलं, कोणाचीच नाही, माझी मीच, असं लिहिते. घरात शांतता तरी राहील."

टेबलावरून आवाज आला, "मॅरिट?" गॉर्डन फोन बंद करायला विसरले होते.

"ऐकलंस का रे?" रेने म्हणाली.

"ऐकलं," कर्ट म्हणाला.

मिनेसोटातली माणसं लाज वाटली की हवापाण्याबद्दल बोलतात, पण त्या दोघांना तेही सुचलं नाही.

"गुन्हा घरातलाच आहे, हे मी पहिल्यापासून ओळखलं होतं," गॉर्डन म्हणाले. "आता तपासाच्या फीचं म्हणाल तर..."

"गॉर्डन," मार्लिस म्हणाली, "जरा बाहेर जाऊन गाड्यांना हात करा." आणि तिनं झगा त्यांच्या हातात दिला.

चूक दुरुस्त करायला मॅरिटलाच तिचं विवरणपत्र नव्यानं भरावं लागणार होतं. मार्लिसनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. सगळं जमलं, फक्त त्या एका प्रश्नापाशी पोरीचं बोट अडलं. तिनं आईकडे पाहिलं, मग टेबलावरच्या फोनकडे.

"कोण ते विचारतात का हो?"

"नाही," मार्लिस म्हणाली. "कोणीतरी आहे की नाही, एवढंच."

"मग ठीक आहे," मॅरिट म्हणाली, आणि तिनं 'हो' दाबलं.