उभ्या पडद्यावरची मंडई

कंपनीला पहिला ग्राहक मिळण्याआधीच तीन संचालक मिळाले होते, आणि कोणत्याही थोर कार्याचा आरंभ असाच व्हावा, असे त्या तिघांचेही प्रामाणिक मत होते. भुपेंद्रच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागील खोलीत, निकामी चार्जरांच्या राशीसमोर नारळ फोडून, वेबसाइट बनवून देणाऱ्या या संस्थेची प्रतिष्ठापना झाली. भुपेंद्र व्यवस्थापकीय संचालक झाला, कारण खोली त्याची होती. बुद्धभूषण तांत्रिक संचालक झाला, कारण वेबसाइट कशी बनते हे त्या एकट्यालाच ठाऊक होते. आणि उमेंद्र मुख्य संचालक झाला, कारण त्याचे लग्न अडले होते.

उमेंद्र दिवसभर एका राइस मिलमध्ये संगणकावर धानाच्या पावत्या करीत असे. दीप्तीला तो पसंत होता. तिचे वडील गोवर्धनजी यांनी इटियाडोह धरणाच्या कालव्यावर आयुष्यभर पाणी सोडले आणि अडवले होते. निवृत्तीनंतर अडवण्यासाठी हाताशी काही उरले नव्हते, म्हणून त्यांनी हे लग्न अडवले.

"कॉम्प्युटर मिलवाल्याचा, खुर्ची मिलवाल्याची," ते म्हणाले होते. "तुया सोताचा का हाय गा? मंडईले येतो तुमच्या गावाले. तुया धंदा डोर्‍यानं दिसला, तं तारीख काढू. नाई दिसला, तं चिवडा खाऊन परत जाऊ."

दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. मैदानात दुकाने लागतात, घरोघर सोयरे उतरतात, रात्री दंडारीचे लोकनाट्य रंगते, आणि कोणाची मुलगी कोणाच्या मुलाला द्यावी हा विचार जिलबीच्या साक्षीने पार पडतो. अशा पुण्यपर्वाचे अध्यक्षपद यंदा उदारामजींकडे होते. कंपनीची कीर्ती कानी येताच ते स्वतः दुकानात अवतरले.

"गावची मंडई इंटरनेटवर टाका रे पोट्टेहो. पुण्याले, नागपूरले गेलेले सारे जवाई पायतीन."

बुद्धभूषणने आठवडाभर खपून शरदातील आकाशासारखी स्वच्छ वेबसाइट रचली. मंडईची तारीख, नाटकाचे नाव, केशोरीहून गावाकडे येणारा रस्ता. जे हवे ते होते, नको ते नव्हते. उदारामजींनी ती लॅपटॉपवर पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"अबे, माणसं कोठी हायत?"

"कोनते माणसं, काका?"

"शुभेच्छुक! फोटो नाई, तं शुभेच्छा कायच्या?"

हा आक्षेप शास्त्रशुद्ध होता. आपल्या पूर्वजांनी मंगलकार्यात देवतांचे आवाहन सांगितले. कालौघात देवता चौकातील फ्लेक्सच्या एका कोपऱ्यात सरकल्या आणि उरलेली जागा शुभेच्छुकांना मिळाली. तेथे मुखकमलांचा आकार मानाप्रमाणे, आणि मान ज्याने त्याने स्वतः ठरवलेला. त्यातून माजी अध्यक्ष खुशालजी आणि विद्यमान उदारामजी यांच्यात पदावरून बोलणे बंद होते. म्हणून समितीची बैठक झाली, आणि दोघांचे फोटो शेजारी शेजारी, सारख्या मापाचे, सारख्या उंचीवर असावेत असा तह झाला. उंची मोजताना खुशालजींचा फेटा धरावा की वगळावा, एवढ्या एकाच प्रश्नावर दुपार गेली. तारीख फोटोंच्या खाली ढकलण्यास मात्र कोणाचीच हरकत नव्हती.

लॅपटॉपवर दोन्ही महापुरुष समान तेजाने झळकले. टाळ्या झाल्या. मग प्रत्येकाने घरी जाऊन आपापल्या फोनवर वेबसाइट उघडली.

संध्याकाळी खुशालजी दुकानात आले ते पायरी न पाहताच.

"मले त्याच्या पायाखालते टाकलं तुमी!"

"काका, फोन उभा अन् अरुंद असते," बुद्धभूषण विनयाने म्हणाला. "बाजूबाजूनं दोघं मावत नाईत, म्हनून एकाखाली एक येते. आपोआप होते ते."

"आपोआप? मंग आपोआप मी वरते काऊन नाई गेलो?"

या प्रश्नाला संगणकशास्त्रात उत्तर नाही. बुद्धभूषणने क्रम बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी उदारामजी आले.

"अध्यक्ष कोन हाय यंदा?"

"तुमी, काका."

"मंग मी खालते कायले?"

"फोन आडवा धरून पाहा ना काका," भुपेंद्रने व्यवस्थापकीय बुद्धी चालवली. "आडव्यात दोघंही बराबर दिसतेत."

गावात दोन दिवस फोन आडवे धरले गेले. एक वृद्ध गृहस्थ तर आडव्या फोनवरच जावयाशी बोलू लागले, आणि ऐकू येत नाही म्हणून जावयावर रुसले. तेव्हा बुद्धभूषणने तिसरा उपाय योजला: वेबसाइट जितक्या वेळा उघडावी, तितक्या वेळा वरचा मानकरी बदलावा. एकदा उदारामजी, एकदा खुशालजी. यापेक्षा निर्मळ न्याय धर्मराजालाही सुचला नसता.

आणि म्हणूनच तो टिकला नाही. आपला माणूस वर दिसेपर्यंत उदारामजींचे समर्थक वेबसाइट पुनःपुन्हा उघडू लागले. तो दिसताच खुशालजींचे समर्थक त्याला खाली आणण्यासाठी सरसावले. पानटपरीवर, पारावर, धानाच्या बांधीवर, जिकडे तिकडे अंगठे चालू होते. कंपनीने वेबसाइट इंटरनेटवरील फुकटच्या जागेत ठेवली होती. ती जागा इतक्या भक्तीसाठी बांधलेली नव्हती. मंडईच्या आदल्या दिवशी वेबसाइटने कायमचे डोळे मिटले. तारीख विचारायला लोक पूर्वीही फोनच करीत होते, त्यामुळे त्या बाबतीत कोणाचे काही अडले नाही.

अडले ते उमेंद्रचे. मंडईच्या सकाळी दीप्तीचा फोन आला.

"निघालो आमी. बाबानं चष्मा पुसून ठेवला हाय. तुमची वेबसाइट काऊन उघडून नाई राहिली?"

"उघडन ना. थोडी... गर्दी हाय तिथं."

"गर्दी इथंबी हाय. मायी मावशी सोबत येऊन राहिली, ते दुसऱ्या पोट्ट्याची माहिती घेऊन. पाहा बाप्पा, का करता ते."

उमेंद्र चार्जरांच्या राशीशेजारी बसला. दोन्ही पक्षांचे लोक दुकानासमोर उभे राहून कंपनीच्या पूर्वजांचे स्मरण करीत होते.

"तहाच्या दिवशी लॅपटॉपवरचा फोटो काढला होता ना तू?" भुपेंद्रने बुद्धभूषणला विचारले. "टाक फ्लेक्सवर."

"वेबसाइट छापत नाईत बे!" बुद्धभूषण कळवळला. "जगात कोनी छापली नसन."

"जगात उदारामकाका अन् खुशालकाका नाईत. फ्लेक्स आडवा असते. फिरत नाई, सरकत नाई. चाल, छापनाऱ्याले उठवू."

आणि दुपारपूर्वी वेबसाइट चौकात टांगली गेली. वर 'मुखपृष्ठ', 'संपर्क', खाली 'पुढे पाहण्यासाठी येथे दाबा' हे बटण, आणि मध्ये दोन मानकरी, फेट्यासह समान. उदारामजींनी सुतळीने मोजून पाहिले. खुशालजींनी तीच सुतळी मागून घेतली; वर्षभरात त्यांच्यात झालेला तो पहिला व्यवहार होता.

गोवर्धनजी चष्मा लावून फ्लेक्ससमोर उभे राहिले. दीप्ती मागे उभी होती. तिची मावशी त्याहून मागे, माहितीसह.

"हेच का वेबसाइट?"

उमेंद्रला खरे बोलण्याची इच्छा झाली. पण दीप्तीने डोळ्यांनीच ती आवरली.

"हो, मामाजी," तो भावी सासऱ्यांना म्हणाला.

गोवर्धनजींनी छत्रीच्या टोकाने 'येथे दाबा' हे बटण दाबले. काही झाले नाही. त्यांनी जोर लावून पुन्हा दाबले.

"मजबूत हाय," ते म्हणाले. मग त्यांची दृष्टी सुतळी गुंडाळणाऱ्या दोघा वैऱ्यांकडे गेली; त्यांचे भांडण पंचक्रोशीला ठाऊक होते. "पान्याच्या पाळीवरून सख्ख्या भावाची डोस्की फुटलेली पायली म्या. तू या दोघाले एका लायनीत बसवलं, अन् रक्त नाई सांडलं. घर चालवशीन तू."

"भाऊजी, हे छापलेलं..." दीप्तीच्या मावशीने तोंड उघडले.

"लाइट गेली तरी दिसते. तुया पोट्ट्याची दिसते का?"

तारीख निघाली. आसपासच्या गावांतून कंपनीकडे मागण्या येऊ लागल्या. प्रत्येकाला 'तशीच वेबसाइट, पर दोरीसकट' हवी होती. बुद्धभूषणने काही दिवस शोक पाळला आणि मग चांगल्या प्रतीच्या सुतळीची चौकशी सुरू केली.

लग्नाच्या फ्लेक्सचे काम अर्थातच घरचे. गोवर्धनजी स्वतः लॅपटॉपजवळ बसून एकेक सोयरा मानाप्रमाणे बसवीत होते: काका, मामा, आत्याचे यजमान, कालव्यावरचे जुने साहेब. शेवटी धाकट्या आत्याचे यजमान, म्हणजे फुफा, तेवढे उरले, आणि जागा उरली नाही.

"फुफा रुसले, तं मंडपात जेवत नाईत," गोवर्धनजी म्हणाले. "एक फोटो काहाड."

"कोनाचा काहाडू, मामाजी?"

गोवर्धनजींनी फ्लेक्सवर वरून खाली दृष्टी फिरवली आणि मधोमध बोट ठेवले.

"हा. नवरदेव तं सोता मंडपात उभा राहीन. त्याचा फोटो कायले?"

कंपनीच्या मुख्य संचालकाने विनम्रपणे, स्वहस्ते, स्वतःला मिटवले आणि तेथे फुफांना बसवले.