भोपळ्यातला उजेड

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता, म्हणजे गुहेत झोपा काढत होता. दोन्हींत फार फरक नसतो, पोरांनो. मोठे झालात की कळेल.

गुहेत भर दुपारीही काळोख. म्हणून दरबारात उजेडाला काजवे ठेवलेले. काजवे मोठे मानी. एकेकटे छान चमकायचे, पण दोघं शेजारी बसले की दोघांचाही उजेड मिणमिणायचा. त्यामुळे प्रत्येकाला वेगळा कोनाडा लागे. कोनाडे संपले, तसे ते प्रधानाकडे गेले.

प्रधान होतं एक उदमांजर. ताडावर चढून दुसऱ्याच्या मडक्यातली ताडी चाटायची, ही त्याची लायकी. पण मिशा पुसून बोलायचं, म्हणून लोकांना विद्वान वाटायचं.

"बेहड्याच्या ढोलीत जागा रिकामी आहे," उदमांजर म्हणालं.

रिकामी कसली. तिथे वळवळे राहायचे. तांदळाच्या दाण्याएवढे किडे. दिवसभर ऊन खायचे आणि खाल्लेलं सगळं ऊन हातपाय हलवण्यात घालवायचे. कुणी गिरक्या घेई, कुणी नुसताच पाय झाडत बसे. त्यांच्यातली थोरली भागाक्का. तिचं तोंड आणि सहाही पाय एकाच वेळी चालत. ती याच ढोलीत जन्मली होती, आणि मरायचं तेही इथेच, पाय पसरून, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

"ढोली सोडा," उदमांजरानं येऊन सांगितलं. "उजेड देईल त्याला घर, हा नवा कायदा."

"आणि आम्ही उजेड दिला तर?" भागाक्कानं विचारलं.

"तर राहा. पण परीक्षा होईल. एकेकानं पुढे या. गर्दी चालणार नाही."

एकेक वळवळा पानावर उभा राहिला. कुणी कुंथून पाहिलं, कुणी श्वास कोंडला. उजेडाच्या नावानं शंख. शेवटी भागाक्का चढली. तिनं असे काही पाय नाचवले की पानच फाटलं.

"हा उजेड?" उदमांजर हसलं.

"ही कला आहे. तुला नाही कळायची, ताडीचोरा."

झालं. उदमांजरानं एक वाळका दुधी भोपळा आणला, अख्खी जमात त्यात कोंबली आणि वर मातीचं बूच मारलं. भोपळा नदीत सोडायचा होता. पण वाटेत दरबारची हजेरी होती, म्हणून तो ओढत ओढत गुहेत नेला.

आत हलकल्लोळ.

"भागाक्का, तुमचा गुडघा माझ्या तोंडात आहे."

"मग चावू नकोस, मेल्या."

"जरा सरका की."

"कुठं सरकू? तुझ्या बापाच्या डोक्यावर? तो आधीच माझ्या डोक्यावर बसलाय."

कुणाला तसूभर हलता येईना. आणि पोरांनो, खाल्लेलं ऊन कुठून तरी बाहेर पडणारच की. पायांची वाट बंद झाली, तसं ते उजेड होऊन अंगातून झिरपायला लागलं. आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या, मग सगळ्यांच्याच. भोपळा आतून पिवळाधमक झाला. गुहेतली कोळिष्टकं दिसली. सिंहाला कैक वर्षांनी स्वतःची नखं दिसली. ती त्याला आवडली नाहीत.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

नदीचं नाव उदमांजरानं तिथेच गिळलं. "एकी, महाराज. एकेकटे होते तेव्हा निरुपयोगी होते. मी त्यांना एकत्र आणलं. आपण सारे एक आहोत, हेच यातून दिसतं."

"एकी कसली, मुडद्या," भोपळ्यातून भागाक्का ओरडली. "पाय हलवायला जागा नाही, म्हणून उजेड पडतोय."

"काय म्हणतायत?"

"आपला जयजयकार करतायत, महाराज."

सिंह खूश झाला. भोपळा सिंहासनाशेजारी कायमचा टांगायचा आणि ढोली काजव्यांना द्यायची, असा हुकूम सुटला.

कायमचा. भागाक्काच्या डोळ्यांपुढे बेहड्याची ढोली आली. तिथे आता एकेक काजवा तंगड्या पसरून बसणार. तिचं डोकं फिरलं, आणि फिरलं की ते चांगलं चालायचं.

"तोंडं तर हलतायत ना?" ती म्हणाली. "मग रडता काय? भोपळा खा."

सगळ्यांनी आतला वाळका गर कुरतडायला घेतला. एकाचा पाय सुटला, मग दुसऱ्याचा. भागाक्कानं एक गिरकी घेतली. भोपळ्याच्या उजेडानं दिपलेल्या डोळ्यांना काजवेही दिसेनात, गुहेत अंधार गुडुप.

"एकी कमी पडली," सिंह अंधारातून म्हणाला. "आणखी भर."

उदमांजरानं बूच काढून हाताला लागले तेवढे काजवे कोंबले. काजवेच ते. शेजारी बसले आणि विझले.

"अजून कमी आहे. आपण सारे एक, असं तूच म्हणालास ना? मग तूही उतर."

उदमांजरानं भोपळ्यात डोकं घातलं. मडक्यात घालायची सवय होतीच. भागाक्का वाटच पाहत होती. तिनं त्याच्या नाकपुडीत शिरून सहाही पाय नाचवले.

उदमांजर असं शिंकलं की डोक्यासकट भोपळा भिंतीवर आपटला आणि फुटला. वळवळे वाट फुटेल तिकडून बाहेर सुटले.

मागे काजवे अंधारात कोनाड्यांवरून भांडत राहिले. उदमांजर गळ्यात अडकलेलं भोपळ्याचं कडं काढत बसलं. ढोलीचं काय ठरलं होतं, हे कुणालाच आठवेना. ज्यानं हुकूम दिला, तो तर घोरायलाही लागला होता.

भागाक्का बेहड्यावर पोचली. ढोलीत मिट्ट काळोख होता. तिनं सहाही पाय ऐसपैस पसरले.

तात्पर्य: एकीत उजेड असतो, असं भोपळ्याच्या बाहेरचे सांगतात. आतल्यांना विचारा. ते म्हणतील, "जरा सरकून घे."