तात्यांचा फोटू

सखारामतात्यांच्या सदऱ्याची एक बाही कायम दुसरीपेक्षा लांब. शिंप्याची टेप त्यांनी कधी अंगाला लावू दिली नाही. "नजरेनं शीव. मोजायचं काम न्हाई," असा हुकूम. शिंपी बिचारा शिवायचा आणि तात्या ते ध्यान घालून रुबाबात फिरायचे.

डिंभ्याच्या धरणात जुनं गाव गेलं, तेव्हा वर सरकलेल्यांपैकी हे एक. बुडायच्या आधी साहेबांनी येऊन घरं मोजली, घराघराचे फोटो काढले. तात्यांनी तेव्हा हौसेनं टोपी सारखी करून दारात फोटो काढून घेतला, वर साहेबाला चहाही पाजला. ती चूक त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही. "आधी फोटू, मग पाणी," हे त्यांचं पालुपद.

मी वर वसलेल्या नव्या गावातल्या शाळेत मास्तर, आणि तात्यांचा शेजारी. दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी पुण्याच्या दोन ताई आल्या. त्यांनी पोरांच्या हातात रोलचे कॅमेरे दिले आणि आपलं गाव टिपा म्हणाल्या. अट एकच, विचारल्याशिवाय फोटो नाही. सातवीतली सुमी विचारायला गेली, तर तात्यांनी दारावर कांबळंच टांगलं.

"गुरुजी, ह्यांना कुनी धाडलं? आता पाणी कुटवर चढनार?"

"अहो, कला आहे ती."

"मागल्या बारीला बी लई कलेनंच घेतलं!"

पुढं शाळेत दोरीला चिमटे लावून फोटो टांगले. तात्या हात मागे बांधून तपासणीला हजर. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीला त्यांचा चेहरा उतरला. सगळ्यांची घरं होती, माझा म्हशीचा गोठासुद्धा होता.

"सुमे, आमचं घर कुटं हाय?"

"तुमी नको म्हणला व्हता ना, तात्या."

माझ्या ओठावर आलेली थट्टा मी गिळली. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कांबळं निघालं होतं. धुतलेली टोपी घालून तात्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांनीच बोलावलेल्या सुमीने कॅमेरा डोळ्याला लावला, तसे ते गडबडीने उठले.

"थांब पोरी. जरा बाजूनं काढ. मागचं पाणी बी येऊ दे."

"पाणी कशाला, तात्या?"

"जुनं घर तितंच हाय."