काळडोहावरचा परिसंवाद

निमखेडच्या लोकहित वाचनालयात एखाद्या ऑनलाइन खेळावर परिसंवाद झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत तो खेळ परिसंवादात म्हटल्याप्रमाणे बदललेला असतो. जगभरचे खेळाडू आपापली मतं लिहितात, तारे देतात, शिव्या घालतात. त्यानं काही होत नाही. निमखेडच्या अध्यक्षांनी म्हटलेलं मात्र होतं. असं का, हे कंपनीला कुणी विचारलेलं नाही. वाचनालयाला ते स्वाभाविक वाटतं.

खेळाचं नाव अग्निकोट. राजे, राक्षस, मंतरलेल्या तलवारी, असा सगळा मामला. कंपनी दर वर्षी त्याला एक नवा मुलूख जोडते, त्याला विस्तार म्हणतात. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं त्याला तीन वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं मी अग्निकोटात आहे.

परिसंवादाचे कायमचे अध्यक्ष प्राचार्य वाघुळदे. ते निवृत्त झालेत, पण हे त्यांना अजून कुणी पटवून दिलेलं नाही. त्यांचं भाषण एकच आहे. चाळीस वर्षांपूर्वी एका ग्रामीण कादंबरीच्या प्रकाशनासाठी लिहिलेली तीन पानं. दर वेळी जुनं नाव खोडून वर नवं लिहितात. त्या भाषणात तीन सूचना आहेत. ग्रामीण जीवनाचं चित्रण अधिक यायला हवं होतं. शेवट आशादायी करता आला असता. आणि पात्रांची गर्दी टाळायला हवी होती.

पहिल्या विस्तारात हिमकड्याचा बर्फाळ मुलूख आला. परिसंवादानंतर तिथं सगळीकडे गोठे उगवले. उणे चाळीस तापमानात म्हशी रवंथ करत उभ्या होत्या. दुसऱ्या विस्तारात नागांची राजधानी होती, तिथंही गोठे झाले. आता शेवटचा राक्षस मेल्यावर उठून बसतो आणि सर्वांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा देतो. याचं मला काही नाही. म्हशी चांगल्या आहेत.

तिसरा विस्तार म्हणजे काळडोह. एक अफाट काळं पाणी, एका काठाला घाट, आणि घाटावर नाव घेऊन बसलेली धुरपा. तिला चारच वाक्यं येतात. नाव पलीकडे न्यायला ती नऊ मिनिटं घेते आणि त्या नऊ मिनिटांत काहीही घडत नाही. यावर जगभर बोंब झाली. एकानं लिहिलं, नऊ मिनिटं नुसतं पाणी बघायला आम्ही खेळ घेतला का. बाकीच्यांनी उडते घोडे घेतले आणि वरून जायला लागले. नावेत बसणारा मी एकटा उरलो. घाटावर आठ दिवस कुणीच बसलं नाही, तर घाट बंद होतो आणि घाटावरचं माणूसही जातं, असा कंपनीचा नियम आहे.

मी रोज बसायचो. घरात बाबा, गल्लीत काका, लग्नाकार्यात कुणीही उपरा माणूस, सगळे मला एकच विचारतात: पुढे काय? स्वतः तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून काढलेली माणसं मला पुढचं विचारतात. धुरपा विचारत नाही. वल्हं पाण्यात टाकते आणि म्हणते, "बस बाबा. घाई कुणालाय."

परिसंवादाची तारीख लागली तेव्हा मी वाचनालयात गेलो. तिथल्या कार्यवाह सुलभाताई पिंपळे यांच्याकडे वाचनालयाची घटना असते आणि तिची सगळी कलमं त्यांना पाठ आहेत. गर्दी म्हणजे किती, हे घटनेत ठरलेलं आहे: पाच. ज्यांना सर्वांत कमी बोलता येतं अशी पाच पात्रं वगळायची. ताईंनी यादी आधीच करून ठेवली होती. पहिलं नाव धुरपाचं होतं.

मी वाघुळदे सरांच्या घरी गेलो. त्यांनी मला ओळखलं. कॉलेज सोडताना दाखला मागायला गेलो होतो, तेव्हा ते म्हणाले होते, अर्ज दे, विचार करू. त्यांचा विचार अकरा महिने चालला. आता मी म्हटलं की भाषणातलं गर्दीचं वाक्य या वेळी गाळा, एवढंच.

"म्हणजे पान पुन्हा लिहावं लागेल," सर म्हणाले.

"सर, तुम्ही काळडोह खेळलात का?"

"परीक्षकानं तटस्थ राहावं, इंगळे. खेळलं की तटस्थता जाते."

"मग गर्दी आहे हे कसं कळलं?"

"गर्दी असतेच," सर म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, पुढे काय.

मी पायऱ्या उतरलो. चाळीस वर्षं एकच भाषण करणाऱ्या माणसाला पान पुन्हा लिहायचा कंटाळा येतो आणि कॉलेज सोडलं म्हणून आळशी मी.

सुलभाताईंना मी म्हटलं, मला परिसंवादात बोलायचंय. त्यांनी घटना उघडली नाही, डोळे मिटले. वक्ता पदवीधर हवा. प्रास्ताविक करणारा किमान बारावी हवा, आणि डिप्लोमा अर्धवट असेल तर तो बारावी धरायचा की नाही, हा विषय सतरा वर्षं उपसमितीकडे आहे. स्वागतगीताला आवाज हवा.

"आभाराला शिक्षणाची अट नाही," त्या डोळे उघडून म्हणाल्या. "कुणीही मानावेत."

मग त्यांनी मला ते कलम समजावून सांगितलं. ज्याचे नाव घेऊन आभार मानले जातात तो सभेचा घटक होतो, आणि घटकाला वगळता येत नाही. शिवाय अशा व्यक्तीला अध्यक्षांच्या हस्ते शाल-श्रीफळ देणं बंधनकारक आहे. मात्र पाचाचे चार होत नाहीत. धुरपा सुटली तर यादीतलं सहावं नाव घ्यावं लागेल.

"सहावं कुणाचं आहे, ताई?"

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. शंभर दिवसांपेक्षा जास्त एकाच घाटावर राहिलेला खेळाडू रहिवासी पात्र धरला जातो. मी तीन महिने आणि वर पंचवीस दिवस त्या घाटावर होतो आणि एवढ्या दिवसांत एकही वाक्य बोललो नव्हतो.

"मी तर शून्य वाक्यं बोललो, मग पहिला का नाही?"

"स्थानिकांना प्राधान्य," ताई म्हणाल्या. "तुम्ही नंतर आलात."

त्यांनी मला चहा दिला. विचार करून सांगा म्हणाल्या, आणि पुढे काय, असं त्यांनी विचारलं नाही. मी गेलो तर आठ दिवस नाव रिकामी राहणार आणि घाट तसाही बंद होणार, हे मला चहा संपेपर्यंत कळलं होतं. तरी आठ दिवस म्हणजे आठ दिवस. मी आभाराला नाव दिलं.

परिसंवाद रविवारी सकाळी दहाला झाला. समोर बावीस माणसं होती, त्यातली एकोणीस साठीच्या पुढची, आणि खेळलेला त्यात कुणी नव्हता. सरांनी तीन पानं वाचली. ग्रामीण जीवन, आशादायी शेवट, पात्रांची गर्दी. टाळ्या झाल्या. मग मी उठलो. सभागृहाचे, ध्वनिवर्धकवाल्याचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे आभार मानले.

"आणि काळडोहाच्या घाटावरच्या धुरपाबाईंचे आभार," मी म्हटलं. "त्यांनी मला रोज नऊ मिनिटं बसू दिलं."

सुलभाताईंनी इतिवृत्तात लिहून घेतलं.

सोमवारी सकाळी नऊला काळडोहावर गोठे उभे राहिले. चार पात्रं गेली आणि पाचवा मी. पडद्यावर मजकूर आला की आपण गर्दी होता, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. मी खूप वेळ तो मजकूर तसाच ठेवला.

सातव्या दिवशी वाचनालयानं सत्काराची व्यवस्था केली. शाल अध्यक्षांनीच द्यायची असल्यामुळे सरांना खेळात जावं लागलं. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर ताईंनी त्यांचं खातं उघडून दिलं. सर घाटावर पोचले, धुरपाला शाल पांघरली, नारळ दिला, आणि छायाचित्र नीट यावं म्हणून नावेत चढले. धुरपानं वल्हं टाकलं.

नाव पलीकडे लागली. उतरायचं कुठलं बटण, हे सरांना माहीत नव्हतं. नऊ मिनिटांनी नाव परत अलीकडे आली, पुन्हा पलीकडे गेली. उडता घोडा त्यांच्याकडे नाही. मध्येच बंद करायला ते तयार नाहीत, कारण अध्यक्षांनी कार्यक्रम अर्धवट सोडायचा नसतो. आठवा दिवस गेला आणि घाट चालूच राहिला.

बटण निमखेडात फक्त मला माहीत आहे. सरांनी निरोप पाठवला. मी वाचनालयात गेलो आणि त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो. पडद्यावर पाणी होतं, धुरपाच्या खांद्यावर शाल होती.

"इंगळे, उतरायचं कसं?"

"अर्ज द्या, सर," मी म्हटलं. "विचार करू."

त्यांनी अर्ज दिला. ताईंनी त्यावर आवक क्रमांक टाकून तो माझ्याकडे पाठवला. त्याला आता पाच आठवडे झाले. सर सकाळी डबा घेऊन येतात, नावेत बसतात आणि संध्याकाळी वाचनालय बंद होताना ताई त्यांचा पडदा झाकतात. भाषणाची तीन पानं टेबलावर आहेत. त्यांची मागची बाजू कोरी आहे आणि सरांनी तिथं पेन्सिलीनं काहीतरी लिहायला घेतलंय. मी वाचलेलं नाही. मधल्या काळात त्यांनी मला एकदाच हाक मारली.

"ती म्हणते ना, घाई कुणालाय," त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "ते मला म्हणते का?"

"जो बसलाय त्याला म्हणते, सर."

काल त्यांचा दुसरा अर्ज आला. पहिला अर्ज मागे घेण्याबाबत. खाली सही आहे, तारीख आहे, कारणाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. तो मंजूर केला, तर धुरपाचा घाट चालू राहील आणि माझ्या जागेवर ते बसलेले असतील.

त्यावर विचार चालू आहे.