ढाकणे सरांचं कुलूप

ढाकणे सरांकडं काहीही मागा, ते कशासाठी हवंय हे आधी विचारतात, "कावून पायजे?"

सर अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहेत. समोर विद्यार्थी असो की प्राध्यापक, सर संगणकाच्या कळफलकावर आडवा हात ठेवून बसतात आणि उत्तर पटल्याशिवाय तो उचलत नाहीत. वैद्यकीयच्या एका मुलीनं सर्पदंशावरचे लेख मागितले, तर सर दचकून उठलेच. "कुणाला चावलाय का?" नाही म्हटल्यावर खाली बसले. "मग घाई कशाची? चहा घे." सेंद्रिय शेतीवर प्रकल्प करणाऱ्या मुलाला तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "घरी शेत हाय ना बे? आधी बापाला इचार. त्याला येत न्हाई ते आपण धुंडू."

ग्रंथालय डिजिटल झालं तेव्हा जुन्या कपाटातली मोर्च्यांची पत्रकं सरांनी स्वतः स्कॅन केली. हे कळल्यावर मला राहवेना. मी पत्रकांवरच वाढलेय. माझी अक्षरओळखच 'आमच्या मागण्या' या शब्दांनी झाली. आमच्या गावी, चकलांब्यात, पाण्यासाठी माझ्या वडिलांनी लिहून वाटलेल्या पत्रकाची आमची एकुलती प्रत वाळवीनं खाल्ली होती. वडीलही आता नाहीत. त्यांचं लिहिलेलं दुसरं काही आमच्याकडं नाही.

मी मोबाईलवर त्या संग्रहातलं पहिलंच पत्रक उघडू गेले, तर पाटी आली: 'फक्त ग्रंथालयातच पाहता येईल.'

डोकंच फिरलं! लोकांनी लोकांसाठी काढलेली पत्रकं, आणि ती लोकांनाच बंद? मी त्याच तिरीमिरीत 'ज्ञानाला कुलूप कुणी लावलं?' असं पत्रक लिहिलं, त्याच्या प्रती काढल्या आणि पिशवी घेऊन थेट सरांसमोर उभी राहिले.

"कावून पायजे?"

"वडिलांचं पत्रक आहे."

कळफलकावरचा हात लगेच उठला. मी 'जलहक्क' टाकलं. काही नाही. 'पाणीप्रश्न' टाकलं. काही नाही. 'समन्यायी पाणीवाटप'ही टाकून पाहिलं. पत्रक स्कॅन व्हायचंच राहिलं की काय?

"हे कोण बोलतंय?" सर म्हणाले. "पुढारी का? तुजा बाप कसा बोलायचा ते सांग की."

मी बोलायला लागले. वडील पंगतीतही भाषण ठोकायचे. रागावले की आवाज उलट खाली जायचा. टँकर आला नाही की म्हणायचे, "घागरी रिकाम्या हायत, आमी न्हाई." सर हसले, आणि त्यांनी 'रिकाम्या घागरी' टाकलं.

पडद्यावर पिवळट कागद उमटला. खाली वडिलांचं नाव. मी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

सरांनी एक बटण दाबून ते माझ्या मोबाईलवर पाठवलंही.

"इतकं सोपं होतं? मग कुलूप कशाला, सर?"

सर रिकाम्या टेबलांकडं वळले. एका खुर्चीवरची धूळ त्यांनी बाहीनंच पुसली.

"मीच लावलंय. आता कुणी येत न्हाई ग हितं. सगळं घरी बसून मिळतंय. कुलूप नसतं तर तू पत्रक वाचून मोकळी झाली असतीस. रागावल्यावर तुज्या बापाचा आवाज खाली जायचा, हे मला कोण सांगणार होतं?"

मी तत्त्वाची पक्की. कुलूप काढा, असं तरीही म्हणालेच. सरांनी माझ्यादेखत काढलं. "आता कशाला येशील तू," असं पुटपुटले. पिशवीतल्या प्रती मी पिशवीतच ठेवल्या.

पुढच्या आठवड्यात मला दुसरं एक पत्रक हवं होतं. ते घरी मोबाईलवर उघडत होतं. मी मोबाईल पिशवीत टाकला आणि ग्रंथालयाची वाट धरली.

मी उंबरा ओलांडायच्या आतच आवाज आला, "कावून पायजे?"

"चहा सांगा सर," मी म्हटलं, "बसून सांगते."