आधी सावली कोण धरणार

"मामा, आज बाराच्या आत घरी यायचं," भाकरीचं फडकं बांधता बांधता प्रियदर्शनीने सासऱ्यांना बजावलं. "काल शेजारच्या गावात एक म्हातारं बांधावर पडलं. न्हाई वाचलं."

मोहनरावांनी पटक्याचा शेमला खोचला. सून गावची आशा सेविका असल्यामुळे घरातल्या सगळ्या दुखण्यांवर तिचीच सत्ता चाले, आणि यंदापासून तिने उन्हाळाही दुखण्यातच धरला होता.

"तुमची बीपीची गोळी अंगातलं पानी काढती. म्हातारपनी तहान लवकर कळत न्हाई, म्हनून तहान लागायची वाट बघू नका, घोट घोट पीत ऱ्हावा. आन कुनाचा घाम थांबला, मानूस बरळाया लागलं, तर समजायचं ऊन लागलं. सावलीत न्यायचं, ओलं कापड, वारा, आन लगेच दवाखाना. बरळनाऱ्याच्या तोंडात पानी वतायचं न्हाई, ठसका लागतो."

"ऐकतो की. पाशा घरी गेला की निघालोच मी."

चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, छबुबाईंनी, मान वर केली. "आन तिकडं हाफिजाला पाशाभाई सांगतेत, मोहन घरी गेला की निघालोच मी. मंग तुमी दोगं निघनार कवा?"

मोहनराव पायताण घालून बाहेर पडले.

सिरसाळ्याच्या अलीकडच्या या गावाची खोड अशी की, दिवेलागणीला फाट्यावरच्या हॉटेलात पहिला चहा यायच्या आत विचारणा व्हायची, "आज सावली कुनी धरली?" भरदुपारी काम टाकून जो आधी झाडाखाली गेला, त्याचं नाव तिथे पुकारलं जाई. दंड नाही, शिक्षा नाही, नुसतं नाव. पण ते नाव असं घेतलं जाई, जणू गड्याने देवळातली घंटा चोरली. मोहनरावांनी बहात्तर वर्षांत सावली धरली नव्हती. त्यांच्या बांधाला बांध लावून पाशाचं शेत. वयाने वर्षभर लहान आणि अक्कल तेवढीच. गेल्या उन्हाळ्यात पाशाला चक्कर आली होती आणि तो घटकाभर टेकला होता. मोहनरावांनी ती बातमी फाट्यावर स्वतः चवीने सांगितली. ते कुसळ पाशाच्या मनातून अजून निघालं नव्हतं. यंदा तो मरेल पण बसणार नाही, हे मोहनरावांना पक्कं ठाऊक होतं, आणि पाशा बसल्याशिवाय स्वतःला बसता येणार नाही, हेही.

भुईमुगात खुरपं घालून बसले तेव्हाच जमीन तव्यासारखी झाली होती. उन्हं डोक्यावर आली तसे डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. बांधापलीकडे पाशा टरबुजाच्या वेलांत उभाच. त्याच्याही पलीकडे, माळाच्या कडेला, बजरंग कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होता. बजरंग पासष्टीचा, म्हणजे या दोघांच्या हिशेबी अजून पोर. रस्त्यावरून फाट्याला येणारंजाणारं माणूस होतं. अशा वेळी उठून सावलीत जायचं म्हणजे गावजेवणात पान टाकून उठण्यासारखं.

मग मोहनरावांना अक्कल सुचली. माणसाने ती अक्कल घरी जाण्यासाठी वापरली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्यांनी पाखरांसाठी रोवलेल्या बुजगावण्याला आपला सदरा चढवला, वर मडक्याला आपला पटका गुंडाळला, आणि बंडी-धोतरावर, बोडक्या डोक्याने, वाकून वाकून खालच्या ओढ्यात उतरले. कोरड्या ओढ्यात काठावरच्या करंजाची गार सावली होती. रस्त्यावरून ती दिसत नव्हती, आणि पाण्याची घागर आणि टिपाडही तिथेच ठेवलेलं होतं.

घोटभर पाणी पिऊन त्यांनी काठावरून डोकं वर काढलं. शेतात मोहनराव ताठ उभे होते. स्वतःला इतकं ताठ त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं.

मग नजर पाशाकडे गेली. पाशा उभा होता. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, पाशा तसाच. दोघांनाही लांबचं अंधूकच दिसायचं, पण हलणारं आणि न हलणारं एवढं तरी कळत होतंच. पाशा हलत नव्हता.

"बस की बे," मोहनराव दातांत पुटपुटले. "बस आता."

पाशा कशाला बसेल? समोर मोहनराव उभे होते ना. एका मडक्याशी आणि दोन काठ्यांशी पाशा इरेला पडला होता, आणि मडक्याला काही ऊन लागत नव्हतं. मोहनरावांनी काठावर एक पाय टाकला आणि मागे घेतला. जाऊन सांगावं, तर आजच संध्याकाळी फाट्यावर नाव. न सांगावं, तर उद्या पाशाच्या दारात जनाजा. त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली, आणि त्या थोड्या वेळाची त्यांना पुढे कायम लाज वाटली. तेवढ्यात शेतातल्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजू लागला. छबुबाईच असणार. वाजून वाजून तो थांबला, आणि इकडे पाशाच्या डोक्यावरची टोपी घसरून खाली पडली. पाशाने ती उचलली नाही.

मग मात्र मोहनराव उठले. नाव गेलं खड्ड्यात. ओढ्याच्या काठाने, ढेकळांतून, धोतर आवरत ते पळत सुटले. श्वास कोंडला, कानात घुंई घुंई झालं. पाशाच्या वेलांत पोचून त्यांनी मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि ओढलं.

पाशा फारच हलका निघाला. त्याच्या बाहीतून कडब्याची पेंढी बाहेर आली.

"मोहन्या, ऊठ बे," तिकडून, त्यांच्याच भुईमुगातून, रडवेला आवाज येत होता. पलीकडच्या बांधाआडून पळत आलेला पाशा तिथे गुडघ्यांवर बसून मोहनरावांच्या आडव्या पडलेल्या सदऱ्याला गदागदा हलवत होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघेही बंडीवर, दोघेही बोडके, आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं बुजगावणं. रस्त्यावरून कुणी पाहायच्या आत दोघांनी आधी ती बुजगावणी सरळ उभी केली, पटका बसवला, टोपी चढवली, आणि मग ओढ्यात उतरून करंजाखाली अंग टाकलं.

"फोन वाजला तरी हलंनास," पाशा धापा टाकत म्हणाला. "मला वाटलं गेला माझा यार. कावून केलं असं?"

"तू कावून केलंस?"

"तू बसत नव्हतास म्हनून."

पाशाने टिपाडातलं पाणी तोंडावर मारलं आणि दोघे खुदुखुदु हसू लागले. बुजगावणी उभी ठेवायची आणि कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं. आता दोघांचीही अब्रू शेतात उभी होती आणि जीव सावलीत होता. असा संसार पुढची दहा वर्षं चालला असता.

मोहनरावांनी काठावरून डोकं वर काढून माळाकडे पाहिलं. "बजरंगबी हलंना बग."

पाशाने डोळे किलकिले केले. "त्यानंबी बुजगावनंच लावलं असंल. पोरगं हुशार हाय. झोप."

मोहनराव हसले. हसता हसता बघत राहिले. तेवढ्यात बजरंगच्या बुजगावण्याने हात वर करून तोंड पुसलं.

दोघे एकदम उठून बसले.

ते बजरंगपाशी पोचले तेव्हा तो पऱ्हाट्या उपटायचा लोखंडी चिमटा हातात घेऊन उभा होता. तोंड लालबुंद, कातडी कोरडी ठणठणीत. मोहनरावांनी त्याच्या दंडाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. घामाचा टिपूस नव्हता.

"बजरंग, चल सावलीला."

"कोन हाय बे तुमी?"

"आरं, मी मोहनराव. हा पाशा."

बजरंगने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. हे दोन बोडके, मातीने भरलेले म्हातारे त्याने जन्मात पाहिले नव्हते. "मोहनराव दादा ते तिकडं उभे हायेत," त्याने भुईमुगाकडे बोट केलं. "पाशाभाई त्यो तिथं. ते बसले की मी बसतो. त्यांच्याहून ल्हान हाय मी. आधी बसलो तर गाव काय म्हनंल?"

"आरं, ते बुजगावनं हाय."

"तुमीच बुजगावनी," बजरंग म्हणाला आणि त्याने चिमटा उगारला.

मोहनरावांच्या कानात सुनेचे शब्द वाजले. माणूस बरळाया लागलं तर. ओढून न्यायची सोय नव्हती, चिमट्याचा एक तडाखा बसला असता तर दवाखान्यात तिघे गेले असते. बजरंगचे पाय लटपटत होते, पण नजर त्या पटक्यावरून हटत नव्हती. रस्त्यावर दोन-तीन सायकली थांबल्या होत्या. सगळं गाव तिथून बघणार होतं.

"मी पाडतो माझं," पाशा म्हणाला.

"थांब. आधी माझं," मोहनराव म्हणाले. "त्यो माझ्याकडंच बगतोय. तू हितं थांब, पडला तर धर."

आणि ते पुन्हा त्या उन्हात उतरले. बहात्तर वर्षं जपलेलं नाव समोर ताठ उभं होतं. त्यांनी एकदाच रस्त्याकडे पाहिलं आणि बुजगावण्याच्या बुडात लाथ घातली. पटक्यासकट मडकं आपटून फुटलं आणि शेतातले मोहनराव भुईमुगात आडवे झाले.

माळावर बजरंगचा आवाज घोगरा झाला. "मोहनराव दादा पडले बगा. लई चिवट मानूस हुतं." मग त्याने मान वळवली. "पाशाभाई उभा हाय अजून."

पाशा कधीच धावत सुटला होता. त्याने आपलं बुजगावणं कमरेत धरून उचललं आणि आदळलं. ते पडलेलं पाहून बजरंगच्या हातातला चिमटा गळाला. "आता बसतो," तो म्हणाला आणि होता तिथेच खाली बसला.

दोघांनी त्याला बखोटीला धरून ओढ्यात आणलं. बुजगावण्यांचे सदरे टिपाडात बुचकळले, त्याच्या अंगावर पसरले, मानेला, काखेत ओली फडकी लावली. मोहनराव पटक्याने वारा घालत होते आणि पाशा, त्यांनी बजावल्यामुळे, त्याच्या तोंडाशी पाणी नेणाऱ्या स्वतःच्याच हाताला अडवत होता. फोन करायची गरज पडली नाही. मोहनराव पडले, पाशाभाईही पडला, अशी बोंब रस्त्यावरून गावात पोचली होती. छबुबाई, पाशाची बायको हाफिजा आणि निम्मं गाव रडत-ओरडत ओढ्यावर आलं. पुढे प्रियदर्शनी होती, मागे जीप. नवऱ्याला धडधाकट बघून छबुबाईंचं रडणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं. ते बजरंगला घेऊन जीप सुटेपर्यंत चालू होतं.

बजरंग वाचला. दुसऱ्या दिवशी सिरसाळ्याच्या दवाखान्यात, हाताला सलाईन लावलेलं असताना, तो खाटेभोवती जमलेल्या मंडळींना सांगत होता, "मोहनराव दादा आधी पडले. मग पाशाभाई. माझ्या डोळ्यांनी बगितलं. मी उभाच हुतो."

लोकांनी मोहनरावांकडे पाहिलं. प्रियदर्शनीनेही पाहिलं. तिने कालच ते सदरे धुतले होते आणि बाह्यांतून कडबा काढला होता.

"मामा, खरं हाय का हे?"

मोहनरावांनी पाशाकडे पाहिलं. पाशा सलाईनच्या थेंबांकडे बघत होता.

"खरं हाय," मोहनराव म्हणाले. "आधी मीच पडलो."

"मंग मी," पाशा म्हणाला.

बजरंगच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की डॉक्टरांनी त्याचं सलाईन कमी केलं असतं तरी चाललं असतं. पाऊस पडेपर्यंत त्याला शेतात जायला मात्र त्यांनी मनाई केली. जिंकलेला माणूस घरात बसला. आता हरवायला कुणी उरलं नाही.

त्या आठवड्यात ऊन वर यायच्या आतच मोहनराव आणि पाशा खुरपी बांधावर ठेवून करंजाखाली येऊन बसू लागले. ओढ्यात नव्हे, वर काठावर, रस्त्यावरून सरळ दिसेल अशा जागी. एका दुपारी फाट्याकडून सटवा सायकल रेटत आला. हा त्यांच्याच वयाचा, घामाने निथळत होता आणि ओझ्याने वाकला होता. दोघांना पाहून तो थांबला.

"काय मोहनराव, सावली धरली?"

"हरलेल्या मानसाला कसली लाज," मोहनराव म्हणाले आणि घागरीवरचा तांब्या पुढे केला. "ये."

सटवाने मागे रस्त्याकडे पाहिलं, पुढे रस्त्याकडे पाहिलं. मग त्याने सायकल बाभळीला टेकवली आणि रस्त्यावरून खाली सावलीत उतरला.